लॉजिकल आणि फिजिकल आर्किटेक्चर: दूध संकलनाच्या सिस्टीमवर दोन्ही चित्रं काढून बघू

सिस्टीमचं डिझाइन दाखवा म्हटलं की बहुतेक टीम एकच चित्र पुढे करतात. त्यात ‘बिलिंग’ लिहिलेला चौकोन असतो, त्याला चिकटून पोस्टग्रेस या डेटाबेसचं पिंप, वर एक मोबाइल, बाजूला ढग आणि सगळीकडून सगळीकडे जाणारे बाण. बघायला बरं दिसतं. पण बिलिंग हे काम आहे आणि पोस्टग्रेस ही वस्तू आहे. त्या दोघांना जोडणारा बाण नेमकं काय सांगतो, असं विचारलं की चित्र काढणाराही अडखळतो.

लॉजिकल आर्किटेक्चर सांगतं की सिस्टीमला कोणती कामं करायची आहेत, कोणत्या कामाची जबाबदारी कोणत्या घटकाकडे आहे आणि त्या घटकांमध्ये कोणती माहिती जाते-येते. फिजिकल आर्किटेक्चर सांगतं की ही कामं कोणत्या यंत्रावर, कुठे आणि किती प्रतींत चालतात, आणि ती यंत्रं एकमेकांना कशाने जोडली आहेत. व्याख्या एवढीच. परीक्षेत तिला चार मार्क मिळतात. कामावर अडचण येते ती एका चित्रातून दुसऱ्यात जाताना. कोणतं काम कोणत्या यंत्रावर ठेवलं आणि का, हे सांगणारा जोडतक्ता बहुतेक ठिकाणी लिहिलेलाच नसतो. माझ्या मते दोन्ही चित्रांपेक्षा तो तक्ता जास्त मोलाचा आहे, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

उदाहरण

एक तालुका दूध संघ आहे असं समजू. त्याच्या ६० गावांत संकलन केंद्रं आहेत आणि प्रत्येक केंद्रावर साधारण १५० उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. उत्पादक कॅन घेऊन येतो, आपला कोड नंबर सांगतो. दूध काट्यावर जातं, थोडा नमुना फॅट मशीनला लागतो, मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) कळतं, दरपत्रकातून दर निघतो, पावती मिळते. दर दहा दिवसांनी बिल होतं. त्यातून पशुखाद्याचे पैसे आणि उचल वजा होऊन उरलेली रक्कम बँकेत जाते. केंद्रावरचं दूध बल्क कूलरमध्ये थंड होतं आणि टँकरने संघाकडे जातं. तिथे पुन्हा मोजमाप होतं.

वीज जाते, नेट जातं, रांग मात्र थांबत नाही. दोन चित्रांतला फरक शिकायला म्हणूनच हे उदाहरण चांगलं आहे.

पायरी १: कामांची यादी, क्रियापदांत

कोरा कागद घ्या आणि फक्त क्रियापदं लिहा. उत्पादक ओळखणे. दूध मोजणे. प्रत तपासणे. दर काढणे. नोंद करणे. पावती देणे. कपाती लावणे. बिल करणे. बँकेची यादी बनवणे. केंद्राची बेरीज आणि टँकरचं माप ताडून बघणे. दरपत्रक बदलणे. चुकलेली नोंद दुरुस्त करणे.

शेवटची दोन कामं बहुतेक वेळा यादीत येत नाहीत, कारण ती रोज होत नाहीत. पण सिस्टीमची निम्मी गुंतागुंत तिथेच असते. यादी करताना केंद्राच्या सेक्रेटरीला हेही विचारा, ‘दिवस बिघडला की तुम्ही काय करता?’ त्याच्या उत्तरात हमखास एक वही निघते. त्या वहीत जे लिहिलं जातं ते तुमच्या यादीत हवंच.

यंत्राचं, कंपनीचं किंवा तंत्रज्ञानाचं नाव या यादीत येऊ देऊ नका. ‘एसएमएस पाठवणे’ हे काम नाही, ‘उत्पादकाला नोंद कळवणे’ हे काम आहे. शब्दांची ही कसरत उगाच वाटेल. पण ‘एसएमएस’ लिहिलं की छापील पावती, ॲप किंवा केंद्रावर लावलेला मोठा डिस्प्ले हे पर्याय तिथल्या तिथे मेले.

पायरी २: कामांचे गट आणि माहितीची मालकी

आता कामं एकत्र बांधा. बरेच जण स्क्रीनप्रमाणे गट पाडतात, म्हणजे ‘सेक्रेटरीची स्क्रीन’ आणि ‘मॅनेजरची स्क्रीन’. असे गट टिकत नाहीत. गट पाडायचा तो एकाच कारणाने एकत्र बदलणाऱ्या गोष्टींचा. आपल्या उदाहरणात सहा गट पडतात:

- उत्पादक नोंदणी: कोड, नाव, बँक खातं, केंद्र.
- संकलन: कोणी, कधी, किती, कोणत्या प्रतीचं दूध घातलं.
- दर: दरपत्रक आणि दर काढण्याचे नियम.
- हिशेब: कपाती, बिल, बँक यादी.
- ताळमेळ: केंद्राची बेरीज विरुद्ध टँकरचं माप.
- कळवणे: पावती, संदेश.

प्रत्येक गटापुढे लिहा की कोणत्या माहितीचा तो एकमेव मालक आहे. फॅटचा आकडा संकलनाचा, दर दर-घटकाचा. हिशेबाला दोन्ही लागतात, पण बदलता दोन्ही येत नाहीत. ही ओळ लिहून ठेवली नाही, तर कधीतरी हिशेब करणाऱ्या कोडमध्ये कोणीतरी फॅट ‘थोडं नीट’ करणारी ओळ घालतो आणि उत्पादकाच्या पावतीवर एक आणि बिलावर दुसरा आकडा दिसतो.

दर-घटकाकडे जरा जवळून बघू. गाईच्या दुधाचा दर महाराष्ट्रात ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बोलला जातो. त्याच्या वर-खाली दरपत्रकाप्रमाणे वाढ किंवा कपात होते. जिथे मशीन एसएनएफ देत नाही तिथे ते लॅक्टोमीटरच्या (दुधाची घनता मोजणाऱ्या साधनाच्या) डिग्रीवरून काढतात. एक प्रचलित सूत्र असं आहे: एसएनएफ = डिग्री ÷ ४ + ०.२५ × फॅट + ०.४४. दुसरीकडे ०.२१ आणि ०.३६ हे स्थिरांक वापरतात. डिग्री २८ आणि फॅट ४ असेल तर पहिल्या सूत्राने ८.४४ येतं, दुसऱ्याने ८.२०. दूध तेच, पण उत्तरात ०.२४ चा फरक, आणि तो थेट पैशात उतरतो. असाच प्रकार वजनाचा. काटा किलोत मोजतो, बिल बहुधा लिटरवर होतं, आणि एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. कोणतं सूत्र, कोणती गुणक संख्या, पूर्णांक कुठे करायचा, हा सगळा लॉजिकल आर्किटेक्चरचा मामला आहे. कोणत्याही सर्व्हरवर चालवा, नियम तोच राहिला पाहिजे. हे नियम फॅट मशीनच्या सेटिंगमध्ये एक आणि सर्व्हरवर दुसरे असतील, तर तुमच्याकडे दर-घटक आहे असं म्हणता येत नाही.

पायरी ३: घटकांमधले करार

बाणावर नुसतं ‘डेटा’ लिहू नका. संकलनाकडून हिशेबाकडे काय जातं? नोंद क्रमांक, उत्पादक कोड, केंद्र, तारीख, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, लावलेला दर, रक्कम. यातला ‘लावलेला दर’ का घेतला, तो पुन्हा काढता येत नाही का? येतो, पण उत्पादकाच्या हातात पावती पडली की तो दर हा संस्थेने दिलेला शब्द झाला. म्हणून तो नोंदीबरोबरच जायला हवा.

माहितीच्या फाइलची मांडणी जेएसओएन आहे की सीएसव्ही, ती एचटीटीपीने नेटवरून जाते की पेन ड्राइव्हवरून, हे इथे लिहायचं नाही. करारात मजकूर आणि अर्थ असतो, वाहन फिजिकल चित्रात येतं.

आता एक चाचणी घ्या. तुमच्या चित्रातलं प्रत्येक उत्पादनाचं नाव खोडा. खोडल्यावर एखादा चौकोन पूर्ण रिकामा झाला, तर तो चौकोन लॉजिकल चित्राचा नव्हताच. उलटी चाचणीही घ्या: संपूर्ण सिस्टीम कागदावर, सहा कारकून आणि सहा वह्या घेऊन चालवता येईल का? येत असेल तर चित्र लॉजिकल आहे. संगणक येण्याआधी दूध संस्था अशाच चालत होत्या, त्यामुळे ही चाचणी अगदी काल्पनिकही नाही.

पायरी ४: आकडे मांडा, मगच यंत्रं निवडा

फिजिकल चित्राकडे वळण्याआधी एक पान आकडेमोडीसाठी ठेवा. ६० केंद्रं × १५० उत्पादक × २ सत्रं, म्हणजे दिवसाला १८,००० नोंदी. एका सत्राच्या ९,००० नोंदी साधारण दोन तासांत येतात. ७,२०० सेकंदांत ९,००० म्हणजे सेकंदाला सव्वा. सगळी गर्दी एकाच अर्ध्या तासात झाली तरी सेकंदाला पाच. वर्षाच्या नोंदी सुमारे ६६ लाख. एका नोंदीला इंडेक्ससकट एक किलोबाइट धरला तर वर्षाला सात जीबीच्या आत.

म्हणजे एक साधा सर्व्हर आणि एक डेटाबेस पुरून उरतो. कुबरनेटीस, मेसेज ब्रोकर, शार्डिंग अशा मोठ्या भारासाठीच्या तंत्रांची गरज नाही. हे आकडे मांडायला दहा मिनिटं लागतात. ते न मांडता झालेल्या चर्चेत मात्र यातलं काहीही ‘भविष्यासाठी’ म्हणून शिरू शकतं.

पुढचा हिशेब उपलब्धतेचा. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. वीज ९८ टक्के वेळ, नेट ९८ टक्के, सर्व्हर ९९.९ टक्के. तिन्ही एकाच वेळी लागत असतील तर गुणाकार करायचा: ०.९८ × ०.९८ × ०.९९९ = ०.९५९. महिन्यात ६० सत्रं, त्यांतली दोन-अडीच बुडाली. केंद्रावर इन्व्हर्टर बसवून वीज हा दुवा जवळपास काढून टाकला तरी नेटमुळे एक-सव्वा सत्र जातंच. सर्व्हर ९९.९ वरून ९९.९९ वर नेण्यासाठी कितीही खर्च केलात तरी गावातल्या रांगेला त्याचा पत्ता लागत नाही. पैसे कुठे घालायचे हे या एका ओळीच्या गुणाकाराने ठरतं.

पायरी ५: फिजिकल चित्र

आता वस्तू मांडा. केंद्रावर वजनकाटा, फॅट मशीन, छोटा संगणक, थर्मल प्रिंटर, इन्व्हर्टर, मोबाइल डेटाचा राउटर. संघाच्या कार्यालयात किंवा क्लाउडवर एक सर्व्हर, एक डेटाबेस, दुसऱ्या ठिकाणी बॅकअप. उत्पादकाच्या खिशात मोबाइल, कदाचित साधाच.

जोडण्यांवर प्रत्यक्ष माध्यम लिहा. काटा आणि फॅट मशीन बहुधा आरएस-२३२ या सिरियल केबलने जोडलेली असतात. बॉड रेट, म्हणजे त्या केबलवरचा ठरलेला वेग, चुकला की आकड्यांऐवजी कचरा येतो. प्रिंटर यूएसबीवर. केंद्र ते सर्व्हर मोबाइल डेटा, टीएलएससह, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही असा. ‘इंटरनेट’ असा एकच ढग काढून मोकळं होऊ नका. या सिस्टीममध्ये जे बिघडतं ते बहुतेक त्या ढगातच बिघडतं.

क्लाउड वापरला तर ते अजून फिजिकल राहतं का, असा प्रश्न नेहमी येतो. राहतं. व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनर हाताला लागत नाहीत, पण ते कुठेतरी असतात, त्यांना मर्यादा असते आणि ते बंद पडतात. ॲमेझॉनने आपल्या क्लाउडचा मुंबई रीजन, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांचा गट, २०१६ मध्ये सुरू केला. तुमचं काम तिथे चालतं की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, हा पूर्णपणे फिजिकल निर्णय आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यू यॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन निदान १२५ मिलिसेकंद. केबल वळणं घेत जाते म्हणून प्रत्यक्षात जास्तच. एका स्क्रीनसाठी कोड एकामागून एक ४० वेळा डेटाबेसकडे जात असेल तर पाच सेकंद नुसत्या प्रवासात गेले. लॉजिकल चित्रात हा बाण दोन इंचांचाच दिसतो.

कधीकधी कायदाही फक्त फिजिकल चित्रालाच हात लावतो. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा सगळा डेटा भारतातच साठवण्याचा आदेश काढला. पैसे कोणाकडून कोणाकडे कसे जातात, यात एका अक्षराचाही फरक पडला नाही. साठवणीची जागा तेवढी बदलली, आणि ज्यांनी दोन्ही चित्रं वेगळी ठेवली होती त्यांना कोणत्या कागदावर काम करायचं ते लगेच कळलं असणार.

पायरी ६: जोडतक्ता

आता प्रत्येक लॉजिकल घटकापुढे तो कुठे राहणार ते लिहा.

| लॉजिकल घटक | केंद्रावरचा संगणक | संघाचा सर्व्हर | कारण |
|---|---|---|---|
| संकलन | नोंद इथे जन्मते | प्रत पोचते | नेट नसलं तरी रांग चालली पाहिजे |
| दर | दरपत्रकाची प्रत, दर इथेच काढला जातो | मूळ दरपत्रक | पावती तिथल्या तिथे हवी |
| उत्पादक नोंदणी | नाव आणि कोडची प्रत | मूळ नोंद, बँक खातं | खाते क्रमांक केंद्रावर लागत नाहीत |
| हिशेब | – | पूर्ण | दहा दिवसांतून एकदा, घाई नाही |
| ताळमेळ | – | पूर्ण | टँकरचं माप संघाकडेच मिळतं |
| कळवणे | पावती | संदेश | दोन वाहनं, दोन जागा |

‘कारण’ हा रकाना सोडू नका. दोन वर्षांनी नवा माणूस येऊन म्हणेल, ‘दर सर्व्हरवरूनच का काढत नाही? किती सोपं होईल!’ तेव्हा उत्तर तक्त्यात तयार हवं.

इथे दोन गोष्टी नजरेत भरतात. एक घटक दोन यंत्रांवर विभागला गेला आहे, आणि एका यंत्रावर अनेक घटक आहेत. सहा चौकोन म्हणजे सहा सर्व्हर, सहा सर्व्हिस, सहा रिपॉझिटरी (कोडची कोठारं) असं नसतं. हा गैरसमज मला सगळ्यात महागडा वाटतो. लॉजिकल चित्रात नीट सीमा आखलेले घटक एकाच प्रोसेसमध्ये, एकाच डेटाबेसवर सुखाने राहू शकतात. सीमा कोडच्या मॉड्यूलमध्ये पाळली म्हणजे झालं, तिला नेटवर्कची केबल लागत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण ॲमेझॉनच्याच घरचं आहे. व्हिडिओ आणि आवाजातले दोष शोधणाऱ्या आपल्या प्रणालीबद्दल प्राइम व्हिडिओच्या इंजिनिअरांनी २०२३ मध्ये लिहिलं होतं. आधी तिचे घटक वेगवेगळे चालत आणि व्हिडिओच्या फ्रेम एका घटकाकडून दुसऱ्याकडे एस३ या साठवणीतून जात. त्यांनी तेच घटक एका प्रोसेसमध्ये आणले आणि फ्रेम मेमरीतूनच दिल्या. खर्च ९० टक्क्यांहून जास्त उतरला. लॉजिकल चित्र जवळपास तसंच राहिलं, बदलला तो जोडतक्ता. यावरून मायक्रोसर्व्हिस, म्हणजे प्रत्येक घटक वेगळा चालवण्याची पद्धत, वाईट असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी भरपूर वाद घातला. मुद्दा तो नव्हता.

पायरी ७: यंत्राची सीमा ओलांडणारा प्रत्येक बाण तपासा

जोडतक्ता झाल्यावर लॉजिकल चित्र पुन्हा समोर घ्या आणि ज्या बाणांची दोन टोकं वेगळ्या यंत्रांवर गेली त्यांवर लाल पेन फिरवा. प्रत्येक लाल बाणाला चार प्रश्न विचारा: पोचला नाही तर? दोनदा पोचला तर? उशिरा पोचला तर? मध्ये कोणी वाचला किंवा बदलला तर?

केंद्र ते सर्व्हर हा बाण घ्या. केंद्राने नोंद पाठवली, सर्व्हरने ती साठवली, पण ‘मिळाली’ हे उत्तर परत येताना नेट गेलं. केंद्र पुन्हा पाठवणार. सर्व्हरने ती दुसरी नोंद मानली तर उत्पादकाला दुप्पट पैसे मिळतील, आणि ही तक्रार घेऊन कोणी येणार नाही. म्हणून नोंद क्रमांक केंद्रावरच जन्मला पाहिजे आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने शांतपणे ‘मिळाली’ म्हणायला हवं. क्रमांक सर्व्हरने द्यायचा असं आधी ठरवलं असेल तर तो निर्णय आता बदलावा लागेल.

वेळेचा प्रश्न आणखी खट्याळ आहे. केंद्रावर छोटा संगणक म्हणून रास्पबेरी पाय ४ किंवा त्याआधीचं मॉडेल ठेवलं असेल तर त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली आणि नेट नाही, तर यंत्राला खरी वेळ कळायला मार्ग नाही. मग सकाळचं दूध आदल्या संध्याकाळच्या सत्रात पडतं. उपाय दोन: शेदोनशे रुपयांचं घड्याळाचं मॉड्यूल बसवा, आणि सत्र सुरू करताना सेक्रेटरीकडून तारीख-सत्र तपासून घ्या. पहिला उपाय फिजिकल, दुसरा लॉजिकल. मी दोन्ही करेन.

पायरी ८: मागे फिरा

पुस्तकांतल्या आकृत्यांत बाण एकाच दिशेने जातो: आधी लॉजिकल, मग फिजिकल. प्रत्यक्षात फिजिकल चित्र लॉजिकल चित्राला परत प्रश्न विचारतं, आणि ते प्रश्न टाळले की सिस्टीम पहिल्याच आठवड्यात अडकते.

समजा संघाने १ तारखेच्या सकाळपासून दर लिटरमागे दोन रुपयांनी कमी केले. ५७ केंद्रांवर नवं दरपत्रक पोचलं. तीन केंद्रांवर नेट नव्हतं, तिथे जुन्या दराने पावत्या निघाल्या. संध्याकाळी नेट आलं. आता बिल कोणत्या दराने करायचं? पावतीच्या दराने केलं तर शेजारच्या गावाचे उत्पादक विचारतील, त्यांना जास्त का? नव्या दराने केलं तर उत्पादक पावती दाखवतील. हा प्रश्न प्रोग्रामरने सोडवायचा नाही. तो संघाच्या संचालक मंडळाचा आहे. पण तो विचारायची वेळ आली ती दर-घटकाची प्रत केंद्रावर ठेवल्यामुळे.

उत्तर काहीही असो, लॉजिकल चित्रात नव्या गोष्टी येणार. दरपत्रकाला आवृत्ती क्रमांक आणि ‘कधीपासून लागू’ ही तारीख. नोंदीवर कोणत्या आवृत्तीचा दर लावला ते. फरकाची रक्कम दाखवणारी वेगळी दुरुस्ती नोंद, म्हणजे मूळ पावती कधीच खोडायची नाही. शिवाय एक व्यवहाराचा नियम: दरपत्रक लागू होण्याच्या तीन दिवस आधी पाठवायचं, म्हणजे नेट नसलेली केंद्रंही वेळेत गाठता येतील. हा शेवटचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे, आणि त्यात कोडची एकही ओळ नाही.

मग फिजिकल चित्रातलं काय लॉजिकलमध्ये न्यायचं आणि काय नाही? माझा निकष असा: वापरणाऱ्याला दिसणारा अर्थ बदलत असेल तर ते लॉजिकलमध्ये जातं, नाहीतर नाही. केंद्रावर न पाठवलेल्या नोंदींची रांग आहे, हे फिजिकल. पण त्या रांगेमुळे मॅनेजरला दिसणारी आजची बेरीज अपुरी असू शकते. म्हणून ‘६० पैकी ५८ केंद्रांची माहिती आली’ हे बेरजेशेजारी लिहिलं पाहिजे, आणि ते लॉजिकल.

पायरी ९: कागदावर काय ठेवायचं

चार कागद पुरे: लॉजिकल चित्र, करारांचं पान, फिजिकल चित्र, जोडतक्ता. यूएमएल (सॉफ्टवेअरच्या आकृत्यांची प्रमाण चित्रभाषा) येत असेल तर पहिल्यासाठी कंपोनंट डायग्राम आणि तिसऱ्यासाठी डिप्लॉयमेंट डायग्राम. नसेल येत तर चौकोन आणि बाण चालतील, फक्त दोन चित्रांत एकाच आकाराचे दोन अर्थ करू नका.

शब्दांच्या बाबतीत सावध राहा, कारण वेगवेगळ्या परंपरांत हेच शब्द थोडे वेगळे वापरले जातात. फिलिप क्रुख्टेन यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘४+१’ मांडणीत लॉजिकल, प्रोसेस, डेव्हलपमेंट आणि फिजिकल असे चार दृष्टिकोन आहेत आणि पाचवी जागा प्रसंगांना दिली आहे. तिथे ‘लॉजिकल’चा आवाका आपल्यापेक्षा लहान आहे. थालेस कंपनीतून आलेल्या आर्केडिया पद्धतीत आणि तिच्या कॅपेला या साधनात लॉजिकल आणि फिजिकल या सरळ दोन पातळ्या आहेत. रेल्वे, विमान अशा प्रणालींवर काम करणाऱ्यांना त्या ओळखीच्या असतील. डेटाबेसवाला ‘फिजिकल मॉडेल’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात टेबल, इंडेक्स आणि पार्टिशन असतात, सर्व्हरची खोली नसते. नेटवर्कवाला एकाच स्विचवर दोन व्हीलॅन (एकाच यंत्रावर आखलेली वेगळी नेटवर्कं) दाखवून ‘लॉजिकली वेगळं’ म्हणतो. बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत विचारून घ्या, तुमचं फिजिकल म्हणजे कोणतं?

पायरी १०: बदल आला की कोणतं चित्र हलतं?

दोन्ही चित्रं नीट वेगळी झाली आहेत की नाही हे तपासायला काही बदल मुद्दाम लावून बघा.

बिल दहाऐवजी पंधरा दिवसांनी करायचं. हिशेब-घटकातला एक नियम बदलतो. कोणतंच चित्र बदलू नये. बदलत असेल तर ‘दहा दिवस’ कुठेतरी चौकोनात कोरलं गेलं आहे.

म्हशीच्या दुधासाठी वेगळा काटा आणला. फिजिकल चित्रात एक यंत्र आणि एक केबल वाढली. करारात गाय-म्हैस आधीच होतं, म्हणून लॉजिकल जसंच्या तसं.

६० ची २०० केंद्रं झाली. दिवसाला ६०,००० नोंदी, सत्रात सेकंदाला चार-सव्वाचार. सर्व्हर तोच चालेल. वाढतो तो केंद्रांवर यंत्रं बसवण्या-दुरुस्तीचा खर्च, आणि तो चित्रात दिसत नाही.

थर्मल प्रिंटर काढून फक्त संदेश पाठवायचा. वरवर फिजिकल. पण वाद झाला की उत्पादक पुरावा म्हणून कागदी पावती दाखवतो. संदेश पोचलाच नाही तर पुरावा कोणता? करारांच्या पानावर याचं उत्तर लिहिल्याशिवाय प्रिंटर काढू नका.

शेजारचा संघ विलीन झाला. त्यांचं दरपत्रक वेगळं, एसएनएफचं सूत्रही वेगळं. सर्व्हरला काहीच फरक पडत नाही. दर-घटकाला मात्र आता विचारावं लागेल: सूत्र केंद्राचं, संघाचं, की उत्पादकाच्या कोडचं? आणि उद्या उत्पादक एका केंद्रावरून दुसऱ्यावर गेला तर त्याच्या महिन्याच्या मधल्या बिलात कोणतं सूत्र चालेल?